दहा पायऱ्या, चार रंग

एलएम ३९१४ हा आयसी बहुतेकांना ठाऊक असतो तो दहा एलईडींच्या पट्टीमुळे. व्होल्टेज वाढलं की पट्टी चढते, कमी झालं की उतरते. बॅटरीच्या चार्जरवर, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, घरी जोडलेल्या छोट्या मीटरवर त्याचं हेच रूप दिसतं, आणि ते देखणं आहे यात वाद नाही. मला मात्र त्याचं दुसरं रूप अधिक भावतं. दहा पाय दहा दिव्यांना न देता त्यांतले काही एकमेकांना बांधायचे आणि दहा पायऱ्यांतून मोजक्या चार खुणा काढायच्या. हाताला हे सोल्डरच्या काही थेंबांचं काम. पण ते थेंब जिथे पडतात तिथे या आयसीच्या रचनेतले सगळे बारकावे एकत्र येतात. पट्टी नुसती पेटवणाऱ्याला ते कधीच दिसत नाहीत. पाय जोडायला बसलं की एकेक करून समोर येतात.

रसग्रहणाला एखादी कृती समोर हवी, म्हणून मुलुंडच्या एखाद्या सात मजली सोसायटीचा पाणीदर्शक घेऊ. मुंबईच्या उपनगरांत पाणी किती, हा रोजचा प्रश्न आहे. सात तलावांत मिळून सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं. त्यांतले विहार आणि तुळशी तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतच आहेत. बाकीचं बहुतांश पाणी ठाणे-नाशिककडून येऊन भांडुपच्या संकुलात शुद्ध होतं. सोसायटीला ते ठरलेल्या वेळी मिळतं, आधी जमिनीखालच्या टाकीत उतरतं, तिथून पंपाने गच्चीवर चढतं. गच्चीवरच्या टाकीत किती आहे हे खाली, वॉचमनच्या केबिनमध्ये कळायला हवं. त्याला पाणी ६३ टक्के आहे की ७१, याने फरक पडत नाही. पंप लगेच चालू करायचा, थोड्या वेळाने करायचा, करायची गरज नाही, की चालू असला तर आता बंद करायचा, एवढंच त्याला ठरवायचं आहे. चार निर्णय, म्हणून चार दिवे : लाल, पिवळा, हिरवा, निळा. आयसीकडे पायऱ्या मात्र दहा. त्या दहांना या चारांत कसं बसवायचं, यात या कृतीचा सगळा रस आहे.

आधी आयसीची घडण पाहू. नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकी कंपनीने १९८०च्या सुमारास तो आणला. २०११ मध्ये ती कंपनी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, पण आयसीचं नाव तेच राहिलं. अठरा पायांच्या त्या काळ्या चौकोनात दहा कंपॅरेटर आहेत आणि दहा सारख्या रेझिस्टरांची एक शिडी. शिडीच्या टोकांना जे व्होल्टेज द्याल त्याचे दहा समान भाग होतात. प्रत्येक कंपॅरेटर आपल्या पायरीवर उभा राहून आत येणारा सिग्नल आपल्यापर्यंत पोचला का, एवढंच पाहतो. आता पायांची मांडणी बघा. दुसऱ्या दिव्याचा पाय १८ क्रमांकाचा, तिसऱ्याचा १७, आणि असं उतरत उतरत दहाव्याचा १०. एका बाजूच्या नऊ पायांवर नऊ पायऱ्या ओळीने बसल्या आहेत. उरलेली पहिली पायरी पाय क्रमांक १ वर आहे, म्हणजे खाचेच्या बाजूला १८ च्या बरोबर समोर. त्यामुळे शेजारच्या पायऱ्या जोडायच्या तर तारा ओलांडाव्या लागत नाहीत. लालसाठी १ आणि १८, पिवळ्यासाठी १७ आणि १६, हिरव्यासाठी १५ ते ११ हे पाच, आणि निळ्यासाठी एकटा १०. व्हेरोबोर्डच्या उलट्या बाजूला हे जोड पाहिले तर टाकीची उंचीच तांब्याच्या पट्ट्यांवर आखल्यासारखी दिसते. सर्किट आणि त्याचा अर्थ एकाच नजरेत वाचता येणं ही दुर्मिळ गोष्ट आहे.

पण मुळात दोन पाय एकमेकांना जोडता येतातच कसे? बऱ्याच डिजिटल आयसींचे आउटपुट दोन्हीकडे जोर लावतात, कधी वर ढकलतात, कधी खाली ओढतात. असे दोन पाय बांधले आणि एकाने वर ढकलताना दुसऱ्याने खाली ओढलं, तर दोघांमधून नको तेवढा करंट वाहतो आणि आयसी तापून जातो. एलएम ३९१४ चे दहाही आउटपुट ओपन कलेक्टर आहेत. प्रत्येकात एकच ट्रान्झिस्टर, आणि तो फक्त ओढू शकतो. चालू असला तर दिव्यातून करंट खाली घेतो, बंद असला तर गप्प राहतो. गप्प असलेला पाय शेजाऱ्याच्या कामात आडवा येत नाही. म्हणून पाच पाय एकत्र बांधले तरी त्यांच्यात भांडण लागत नाही. पाचांपैकी कुणीही ओढलं की दिवा लागतो. ‘हा किंवा तो किंवा पलीकडचा’ हे तर्कशास्त्रातलं विधान इथे एका तारेत लिहिलं गेलं आहे आणि त्यासाठी वेगळं गेट लागलेलं नाही. काहीही न वाढवता नवं काम साधणं, या आयसीचा हा पहिला मोठा गुण.

पुढचा बारकावा पाय क्रमांक ९ चा. हा पाय सप्लायला जोडला की आयसी बार मोडमध्ये जातो, म्हणजे खालचे सगळे दिवे पेटत पेटत पट्टी वाढते. तोच पाय मोकळा सोडला की डॉट मोड, एका वेळी एकच दिवा. पाय जोडताना या निवडीवर सगळं अवलंबून असतं. बार मोडमध्ये हिरव्याचे पाच पाय एकत्र बांधले आणि पाणी नवव्या पायरीला पोचलं, तर पाचही ट्रान्झिस्टर एकदम ओढतील आणि त्या एका एलईडीतून पाचपट करंट जाईल. पाचव्या पायरीला मंद असलेला दिवा नवव्या पायरीला डोळे दिपवेल आणि लवकर मरेल. शिवाय लाल आणि पिवळाही पेटलेलेच राहतील, म्हणजे भरलेल्या टाकीवरही धोक्याचा रंग दिसेल. डॉट मोडमध्ये कुठल्याही क्षणी एकच ट्रान्झिस्टर काम करतो, म्हणून गटात पाय दोन असोत की पाच, दिव्याला मिळणारा करंट तोच. पाणी पाचव्या पायरीवरून नवव्यावर गेलं तरी हिरवा दिवा एका तेजाने जळत राहतो. वॉचमनला आतला बदल कळत नाही, आणि कळूही नये. एक पाय मोकळा सोडून एवढी समता मिळते. काहीच न जोडणं हीसुद्धा रचना असू शकते, याचा इतका सुबक नमुना मला तरी दुसरा आठवत नाही.

डॉट मोडमध्ये आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि ती सहज नजरेतून निसटते. एका पायरीवरून दुसरीवर जाताना पहिला दिवा विझणं आणि दुसरा पेटणं यांमध्ये रिकामी फट पडू शकली असती. त्या फटीत सिग्नल रेंगाळला असता तर सगळं अंधारून गेलं असतं. आयसी घडवणाऱ्यांनी दोन शेजारच्या पायऱ्यांची सरहद्द सुमारे १ मिलिव्होल्टने एकमेकींवर सरकवून ठेवली आहे. तेवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात एक मावळतो आणि दुसरा उगवतो. गाणाऱ्याने गंधारावरून मध्यमावर मींड घ्यावी आणि मधे आवाज तुटू नये, तसं हे आहे. वेगवेगळे दहा दिवे असताना हा गुण शोभेचा वाटतो. पाय जोडल्यावर तो अत्यावश्यक ठरतो, कारण हिरव्या गटातली पायरी बदलताना मधे फट असती तर तोच दिवा उगाच लुकलुकला असता आणि पाहणाऱ्याला बिघाडाची शंका आली असती. १२५ मिलिव्होल्टच्या पायरीला १ मिलिव्होल्टचा सांधा, हे प्रमाण फार समजून ठरवलेलं आहे.

आता तेजाचा हिशेब. साधारणपणे दहा एलईडी म्हटले की दहा रेझिस्टर आले. इथे एलईडींच्या वाटेत एकही नाही. आयसीच्या पोटात १.२५ व्होल्टचा एक स्थिर संदर्भ आहे, तो पाय ७ आणि पाय ८ यांच्यामध्ये मिळतो. पाय ७ मधून तुम्ही जितका करंट घ्याल त्याच्या सुमारे दहापट करंट प्रत्येक पेटलेल्या दिव्याला मिळतो. आपल्या पाणीदर्शकात पाय ८ ग्राउंडला आहे आणि पाय ७ वरून ग्राउंडकडे १.२ किलोओहमचा रेझिस्टर आहे. त्यातून साधारण १.०४ मिलिअँपिअर जातात. त्याच संदर्भावर आतली शिडी आणि पाण्याची पातळी सांगणारं गच्चीवरचं पोटेन्शिओमीटरही (त्याविषयी पुढे) टांगलेलं आहे, ते दोघं मिळून आणखी सुमारे ०.२१ घेतात. बेरीज १.२५ मिलिअँपिअर, म्हणजे दिव्याला १२.५. संदर्भावर टाकलेलं प्रत्येक ओझं दिव्याच्या तेजात उतरतं, हे ध्यानात न घेणारा माणूस दिवे अपेक्षेपेक्षा जास्त का पेटतात म्हणून कोड्यात पडतो. ज्याला हे ठाऊक आहे तो त्या ओझ्यांनाच हिशेबात धरतो. एका रेझिस्टरने चारही रंगांचं तेज ठरतं आणि गटात पाय कितीही असले तरी ते बदलत नाही, ही काटकसर मोठी रसिक आहे.

गच्चीवरच्या टाकीत एक फ्लोट आहे, त्याचा दांडा १० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरला फिरवतो. त्याचं वरचं टोक त्याच १.२५ व्होल्टच्या संदर्भाला जोडलं आहे, ज्यावर शिडी उभी आहे. या निवडीचं कौतुक वाचकाने थांबून करावं. उन्हाळ्यात केबिन तापली आणि संदर्भ किंचित सरकला, तरी मोजायची वस्तू आणि मोजपट्टी दोन्ही एकाच प्रमाणात सरकतात. उत्तर जिथल्या तिथे राहतं. इथे व्होल्ट मोजायचेच नाहीत. फ्लोट उंचीच्या कितव्या हिश्श्याला आहे एवढंच हवं आहे, आणि ते गुणोत्तर तापमानाला बधत नाही. सात मजले उतरणाऱ्या तारेतून फक्त ०.१ मिलिअँपिअरच्या आसपास करंट वाहतो, म्हणून तारेची लांबीही वाचनात भर घालत नाही. संदर्भ अचूक असावा म्हणून धडपडण्यापेक्षा त्याची अचूकता लागूच नये अशी मांडणी करणं, हा जाणत्याचा मार्ग.

शिडीच्या दोन्ही टोकांकडे मुद्दाम पाहायला हवं, कारण नवशिक्याचे पाणीदर्शक तिथेच फसतात. वरच्या टोकाला पेच असा की टाकी काठोकाठ भरली की सिग्नल १.२५ व्होल्ट होतो आणि दहावी पायरीही नेमकी १.२५ वर असते. बरोबरीच्या या लढतीत निळा दिवा लागेल की नाही, हे कंपॅरेटरच्या काही मिलिव्होल्टच्या चुकीवर ठरेल. म्हणून शिडीचं वरचं टोक, म्हणजे पाय ६, संदर्भाला थेट न जोडता मधे ४७० ओहम घातले आहेत. आतली शिडी साधारण १२ किलोओहमची असल्याने तिचा माथा १.२ व्होल्टपर्यंत उतरतो. आता टाकी ९५ टक्क्यांच्या पुढे गेली की निळा दिवा निःशंक लागतो. टाकी ओसंडण्याआधी पंप बंद करायला वॉचमनला तेवढा अवकाश हवाच असतो. एका क्षुल्लक रेझिस्टरने विजेची शंका आणि पाण्याची नासाडी दोन्ही टळतात.

खालच्या टोकाची अडचण जास्त गंभीर आहे. डॉट मोडमध्ये सिग्नल पहिल्या पायरीच्याही खाली गेला तर एकही दिवा लागत नाही. म्हणजे टाकी पूर्ण रिकामी असताना, जेव्हा इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते नेमकं तेव्हा, पाटी काळी होते. यावरचा उपाय पोटेन्शिओमीटरच्या खाली आहे. त्याचं खालचं टोक ग्राउंडला थेट न नेता १.५ किलोओहमवर टेकवलं की रिकाम्या टाकीलाही सुमारे ०.१६ व्होल्ट मिळतात. पहिली पायरी ०.१२ वर आहे, त्यामुळे लाल दिवा तळापर्यंत साथ देतो. या दोन रेझिस्टरांनंतर चार रंगांच्या सीमा कुठे येतात ते मोजून पाहावं. टाकी साधारण १८ टक्क्यांपर्यंत असली तर लाल, १८ ते ४० पिवळा, ४० ते ९५ हिरवा आणि त्यावर निळा. सारख्या पायऱ्यांच्या शिडीतून असमान पट्टे निघाले, आणि ते असमान आहेत म्हणूनच उपयोगाचे आहेत. निश्चिंतीचा पट्टा रुंद, धोक्याचा पुरेसा, पूर्णतेचा अगदी निरुंद. २, २, ५, १ हे चार आकडे या कृतीचं छंदशास्त्र आहे.

काळी पाटी अशी मोकळी झाली, तर तिलाही काम द्यायला हवं. फ्लोटकडून येणाऱ्या तारेवर, केबिनमध्ये, ग्राउंडकडे १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला आहे. तार शाबूत असताना तो पोटेन्शिओमीटरपुढे इतका हलका असतो की वाचनात त्याचा मागमूस लागत नाही. पण उंदराने तार कुरतडली किंवा गच्चीवरचा जोड गंजून सुटला, की सिग्नल शून्यावर येतो आणि चारही दिवे विझतात. संदर्भ वर नेणारी तार तुटली तरी हेच होतं. ग्राउंडची तार तुटली तर मात्र निळा दिवा लागून राहतो, आणि दिवसभर पाणी वापरूनही तो हलत नाही यावरून तो दोष ओळखावा लागतो. चार रंगांना चार अर्थ आहेतच. बहुतेक बिघाडांसाठी पाचवा अर्थ अंधाराला दिला आहे. पाणी संपलं आणि तार तुटली या दोन गोष्टी वेगळ्या दिसणं, हे या रचनेचं प्रामाणिकपण आहे.

आता सर्वांत नाजूक जागा, जी पाय जोडणाऱ्यालाच भेटते. सगळं ठीक जोडलं, टाकी भरली, हिरवा दिवा लागला. तरी रात्री केबिनचा दिवा बंद केला की लाल एलईडी अगदी पुसट उजळलेली दिसते. कित्येक जण आयसी खराब म्हणून बदलतात. खरं कारण आयसीच्या एका दूरदर्शी सोयीत आहे. वीस-तीस दिव्यांच्या लांब पट्टीसाठी असे अनेक आयसी एकापुढे एक जोडता येतात. तेव्हा पुढच्या आयसीने मागच्याला ‘आता माझी पाळी, तुझा दहावा दिवा विझव’ असं सांगावं लागतं. तो निरोप पुढच्याच्या पाय १ वरून मागच्याच्या पाय ९ ला जातो. हा निरोप टिकावा म्हणून सिग्नल पहिल्या पायरीच्या वर गेला की पाय १ मधून निदान १०० मायक्रोअँपिअरचा एक बारीक प्रवाह चालू ठेवलेला असतो, पहिला दिवा विझल्यावरही. ऐंशीच्या दशकातल्या एलईडींना एवढ्याने क्वचितच जाग यायची. आजच्या एलईडी फार तेज आहेत, त्यांना हा कणही पुरतो. उपाय डेटाशीटमध्येच दिलेला आहे : त्या एलईडीला समांतर १० किलोओहम. १०० मायक्रोअँपिअर त्यातून गेले की १ व्होल्ट तयार होतो, आणि १ व्होल्टला लाल एलईडी जागी होत नाही. पूर्ण तेजाच्या वेळी हाच रेझिस्टर करंटचा नगण्य हिस्सा घेतो. पुढच्या एलईडींचा काळ यायच्या आधीच त्यांच्या दोषाचं औषध लिहून ठेवणाऱ्या त्या डेटाशीटच्या लेखकांना मनापासून दाद द्यावी.

लाल दिव्याला आवाजाची जोड द्यायची तर आणखी एक सुरेख शक्यता खुली होते. लाल एलईडीच्या रांगेत, म्हणजे सीरिजमध्ये, एका ऑप्टोकपलरची आतली एलईडी बसवायची. तोच १२.५ मिलिअँपिअर करंट आधी लाल दिवा उजळतो आणि मग ऑप्टोकपलरमार्फत बझर वाजवतो. आउटपुट करंट ठरवून देणारा असल्याने वाटेत एक एलईडी आहे की दोन, याची त्याला फिकीर नाही; १२ व्होल्टच्या सप्लायला दोन्ही सहज परवडतात. जपायचं एवढंच की आधी सांगितलेला १० किलोओहम आता दोघांना मिळून समांतर हवा. नाहीतर तो बारीक प्रवाह ऑप्टोकपलरमध्ये शिरेल आणि भरल्या टाकीवर बझर कुजबुजेल. पंपाची २३० व्होल्टची बाजू मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडेच सोपवावी. एकाच करंटने डोळ्यालाही सांगितलं आणि कानालाही. दुप्पट काम होऊनही खर्च वाढला नाही.

उष्णतेकडे पाहिलं तर डॉट मोडची निवड किती सखोल होती हे पटतं. हाच आयसी १२ व्होल्टवर, याच करंटने, बार मोडमध्ये दहाही दिवे पेटवू लागला तर एलईडींवर सुमारे २ व्होल्ट पडून उरलेले १० व्होल्ट आयसीच्या माथी येतात. दहा दिव्यांचे मिळून सव्वा वॅट होतात. प्लॅस्टिकच्या आवरणातल्या या आयसीची कमाल मर्यादा १.३६५ वॅट आहे, म्हणजे तो जवळपास कड्यावर उभा राहिला असता. आपल्या चार रंगांत एका वेळी एकच ट्रान्झिस्टर चालतो आणि उष्णता त्याच्या दहाव्या हिश्श्यावर, सव्वाशे मिलिवॅटच्या आसपास येते. मेच्या दुपारी पत्र्याच्या केबिनमध्येही बोट ठेवलं तर आयसी आरामात असल्याचं कळतं. सांगायच्या गोष्टी कमी केल्या आणि सांगणाऱ्याचं आयुष्य वाढलं.

पंप चालू असताना टाकीत लाटा उठतात, फ्लोट डुलतो, आणि पाणी सीमेवर असलं की दोन रंग थरथरतात. सिग्नल आत घेणाऱ्या पाय ५ च्या वाटेत १०० किलोओहम आणि तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढ्याने सिग्नलला सुमारे एका सेकंदाचा संयम येतो. मोठा रेझिस्टर इथे चालतो, कारण हा पाय साधारण २५ नॅनोअँपिअर इतकाच करंट मागतो. बाहेरचा एकही भाग न लावता ३५ व्होल्टपर्यंतचा उलटसुलट धक्काही तो सोसतो, आणि गच्चीवरून येणाऱ्या लांब तारेला अशा सोशिक दाराची गरज असते. एलईडींच्या सप्लायच्या तारा सहा इंचांहून लांब असतील तर पाय २ जवळ १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हवाच, नाहीतर आयसी स्वतःशीच आंदोलत राहतो. भाग अगदी थोडे आहेत, आणि एकही भरतीचा नाही.

याच कुळातले एलएम ३९१५ आणि एलएम ३९१६ आवाजासाठी आहेत. पहिल्याच्या पायऱ्या ३ डेसिबलच्या, दुसऱ्याच्या व्हीयू मीटरच्या, शून्याजवळ दाट आणि खाली विरळ. त्यांचेही पाय याच रीतीने जोडता येतात. हाच पाणीदर्शक आज मायक्रोकंट्रोलरने होतो हे मला मान्य आहे, आणि पाण्याच्या वापराची रोजची नोंद ठेवायची असेल तर तोच वापरावा. पण तिथे सीमा कोडच्या ओळींत दडलेल्या असतात. इथे त्या तांब्यावर उघड्या दिसतात. सोसायटीने गच्चीवर दुसरी टाकी बांधली, किंवा कपातीच्या जूनमध्ये पिवळा दिवा जरा लवकर लागावा असं वाटलं, तर एक जोड काढून शेजारच्या पायाला लावला की झालं. पाय १५ हिरव्यातून काढून पिवळ्यात घातला की पिवळ्याची वरची सीमा ४० वरून ५० टक्क्यांच्या आसपास जाते. सोल्डरिंग आयर्न धरता येणाऱ्या कुणालाही, मूळ कर्ता गावात नसताना, हे करता येतं. अंधेरी पूर्वेला सीप्झ १९७३ साली उभं राहिलं ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. तेव्हापासून अशी माणसं उपनगरांतल्या इमारतींत मजल्यामजल्यावर सापडतात. सामान हवं तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ते मिळवायची वाटही त्यांना पाठ असते.

या कृतीचं मर्म माझ्या मते एका कसोटीत आहे. दोन पायऱ्या कधी जोडाव्यात? दोन्हींवर पाहणाऱ्याची कृती एकच असेल तेव्हा. पाचव्या आणि नवव्या पायरीवर वॉचमन काहीच करणार नसेल, तर त्यांना वेगळे दिवे देणं म्हणजे त्याच्या नजरेवर विनाकारण भार टाकणं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत त्याचा निर्णय बदलत असेल, तर तिथे रंग बदललाच पाहिजे. म्हणून एलएम ३९१४ हाती घ्याल तेव्हा सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी कागदावर एक ते दहा आकडे लिहा. तो दिवा रोज पाहणाऱ्या माणसाला प्रत्येक आकड्यासमोर विचारा की इथे तुम्ही काय कराल. उत्तरं जिथे सारखी येतील ते आकडे रेघेने जोडा. तुमच्या सर्किटचा अर्धा नकाशा त्या कागदावर तयार झालेला असेल.